मंगळवारची लाखोळी

माझ्या घरात डाळ सरळ कुकरमध्ये जात नाही. आधी ती परातीत येते, मग माझा चष्मा शोधला जातो, मग मी खिडकीपाशी बसून बोटाने तिच्यात रस्ते पाडत राहते. पाकिटावर काय छापलंय त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. नवरा म्हणतो, "तू डाळ निवडत नाहीस, तिची चौकशी करतेस." तो मूळचा सोलापूरचा, त्याला काय कळणार. हा रोग मला नागपूरजवळच्या हुडकेश्वरच्या आमच्या घरमालकांनी लावला. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, रोग मात्र अजून माझ्याकडेच आहे.

तेव्हा हुडकेश्वरला आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. प्लॉटवर प्लॉट पाडलेले, मधे काळी माती, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊनच घरी यायचं. घरमालकांची पाच खोल्यांची एक रांग होती. चारांत भाडेकरू, पाचवीत ते एकटे. पुढे सामाईक अंगण, एक नळ, नळाच्या सांडपाण्यावर वाढलेला शेवगा. आमची खोली त्यांच्या खोलीला चिकटून. मधली भिंत छताच्या टिनापर्यंत पोचायच्या आधीच थांबली होती, त्यामुळे वर हातभर फट होती. त्या फटीतून इकडची खोकल्याची ढास तिकडे जायची आणि तिकडची विडी इकडे यायची.

सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं, कोळशाचे नमुने काढायचं. ट्रक आला की वर चढायचं, वरून, मधून, खालून थोडा थोडा कोळसा काढायचा आणि पिशवीत भरून तपासायला पाठवायचा. रिटायर झाले तरी हात थांबले नाहीत. "वरून सारं चांगलंच दिसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. टरबूज असो, नवा भाडेकरू असो की एखाद्या पुढाऱ्याचं भाषण, सगळ्याला तेच वाक्य लागू पडायचं. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. वेळ ते तीन माणसांना विचारायचे आणि मधली धरायचे. लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारच्याने चार घास खाईपर्यंत स्वतः खायचे नाहीत. मग त्याच्याकडे वाकून हळूच विचारायचे, "कसं वाटून राहिलं?" तो माणूस बिचारा घाबरून पाणी प्यायचा.

पण त्यांचा सगळ्यात मोठा संशय डाळीवर होता. रोज संध्याकाळी, चुली आणि स्टोव्ह पेटायच्या वेळेला, ते चारही दारांवरून फिरायचे.

"दाखव वं, आज काय शिजवून राहिली?"

"डाळच हाय, काकाजी. सोनं नाही," आई म्हणायची.

"सोनं असतं तर पाह्यलं नसतं. सोन्यानं माणसाचे पाय नाही जात."

मग ते आमच्या सुपातली चिमूटभर डाळ तळहातावर घ्यायचे, उजेडाकडे धरायचे आणि एकेक दाणा बोटाने सरकवायचे. शंका आली तो दाणा सदऱ्याच्या खिशात जायचा. ते शोधत होते लाखोळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लाखोळी ही भंडाऱ्याकडच्या धानपट्ट्यात पिकणारी गरिबाची डाळ. शिजायला सोपी, चवीला अशी की बोटं चाटावी. पण रोजच्या रोज तीच खाल्ली की माणूस पायांनी जातो, असं सगळे म्हणायचे, आणि त्यासाठीच सरकारने ती विकायला बंदी घातली होती. तरी तुरीत मिसळून ती सगळीकडे यायचीच. तुरीच्या दाण्याला गोल गाल असतात. लाखोळी कडेला पाचरीसारखी चपटी. एकदा ओळखायला शिकलं की मग विसरता येत नाही.

भाडेकरूंना मात्र त्यांचाच संशय. पलीकडच्या खोलीतली काकू म्हणायची, "चार घरच्या चार चिमटी. म्हाताऱ्याचं फुकटात वरण होते." आईला ते पटायचं. ती सुपात डाळ कमीच काढून ठेवायची आणि ते गेल्यावर डब्यातून उरलेली घालायची. तेवढंही आम्हाला जड होतं, कारण आमच्याकडे डाळ म्हणजे काही रोजची गोष्ट नव्हती.

बाबा कॉटन मार्केटात हमाली करायचे. आई साड्यांना फॉल लावायची. घरात ज्वारी असायची, मिरची असायची आणि आईची हुशारी असायची. सकाळी रात्रीच्या भाकरीचा कुस्करा. आई भाकर चुरायची, वरून तिखट, मीठ आणि तेलाची धार. धार म्हणायची पद्धत, पडायचे थेंबच. पण ते थेंब नेमके कुठे पडले ते मला दिसायचं आणि मी तिथूनच सुरुवात करायची. दुपारी ज्वारीच्या कण्या, ताक मिळालं तर ताकात, नाहीतर अंबाडीच्या भाजीत. तूर शिजली तर मूठभर डाळीला तांब्याभर पाणी आणि हळद जरा जास्त, म्हणजे रंगाने तरी वरण वाटावं. तव्यावर मिरच्या भाजून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडलेला ठेचा असायचा. ठेचा काढला की शेवटची भाकर त्याच तव्यावर फिरवून तवा पुसून घ्यायचा. ती तवा पुसलेली भाकर माझी. तिच्यावर कोणी हक्क सांगितला तर मी भांडायची. पुढे मी चांगल्या चांगल्या हॉटेलांत जेवले, पण त्या भाकरीएवढा मान मला कुठल्याच ताटात मिळाला नाही.

आणि मंगळवारी मेजवानी.

माझा मामा धानपट्ट्यातल्या एका खेड्यात राहायचा. तो सहा महिन्यांतून एकदा पाठीवर पोतडी घेऊन यायचा आणि त्या पोतडीत लाखोळी असायची. बहिणीच्या घरी द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. आईने ती डाळ माहेरच्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली लपवली होती. घरमालकाला कळलं तर खोली जाईल, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यांची अट एकच होती: माझ्या घरात लाखोळी शिजायची नाही. पण मंगळवारी काकाजी सकाळीच बस पकडून कोराडीला देवीला जायचे, तिथे जुन्या सोबत्यांशी गप्पा मारायचे आणि दिवेलागणीला परतायचे. तेवढा दिवस आमचा.

आई डाळ रात्रीच भिजवायची. सकाळी ती पाट्यावर जाडसर वाटायची, कांदा, लसूण आणि हिरवी मिरची घालून कढईत परतायची. वाटल्या डाळीचा तो झुणका मोकळा, दाणेदार व्हायचा, कडेला थोडा लागलेला. दार लावून, खिडकीला साडी टांगून आम्ही जेवायचो. आईच्या आणि माझ्या मधे एकच ताट. आई दाराकडे कान देऊन जेवायची आणि मी तिच्या बाजूचा झुणका हळूहळू माझ्याकडे ओढायची. चोरून खाल्ल्यामुळे त्याला चव होती की चवीमुळे आम्ही चोरून खात होतो, ते आता सांगता येत नाही.

हे असंच चाललं असतं, पण काकाजींनी एकदा आम्हा पोट्ट्यांना अंगणात गोळा करून त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावी एका घरात खुंटीला तीन काठ्या टांगलेल्या असायच्या. घर लहान, माणसं तीनच, आणि तिघांच्याही तीन काठ्या. "त्यांनी काय पाप केलं होतं?" मी विचारलं. "काहीच नाही. जे घरात होतं ते खाल्लं," काकाजी म्हणाले. "आधी पोटऱ्या आखडतात. मग पायात मुंग्या येतात. मग टाच जमिनीले लागत नाही."

त्या दिवसापासून माझं सुख संपलं. सकाळी उठले की मी फरशीच्या रेघेवरून चालून बघायची. शाळेच्या वाटेवरची नाली उडी मारून पार झाली की त्या दिवसापुरती सुटका. माझा आईवर संशय, झुणक्यावर संशय आणि स्वतःच्या टाचांवर तर सगळ्यात जास्त. तरी मंगळवार आला की मी ताटावर पहिली. भीती होती तिथेच होती आणि जीभ तिच्या शेजारीच बसून मिटक्या मारत होती. आईला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि ती खरं बोलली तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

मग तो मंगळवार आला. मांडी घालून मी पोटभर जेवले, ताट पुसलं आणि उठायला गेले तर उजवा पाय माझा नव्हता. मुंग्या, नुसत्या मुंग्या. टाच टेकवली तर टेकल्याचं कळेना. आज मला माहीत आहे की मांडी घालून बसलं की कोणाच्याही पायाला मुंग्या येतात. तेव्हा मला फक्त खुंटीवरच्या तीन काठ्या दिसल्या. मी रडत, लंगडत दार उघडून अंगणात आले. नेमकी त्या दिवशी बस बिघडल्यामुळे काकाजी अर्ध्या वाटेवरून परत आले होते आणि नळावर पाय धूत होते.

"काकाजी, माझा पाय गेला," मी म्हणाले. "आम्ही लाखोळी खातो. दर मंगळवारी खातो. आईनं पेटीत ठेवली हाय."

आई माझ्या मागे दारात उभी होती. तिचा हात अजून खरकटा होता.

काकाजींनी आधी माझा पाय हातात घेतला, टाच दाबली, बोटं ओढली. तेवढ्यात मुंग्या उतरल्या आणि पाय परत आला. मग ते उठले आणि आत आले.

"पेटी उघड."

"काहून उघडू? पेटी माझ्या माहेरची हाय."

"डाळबी तुझ्या माहेरचीच हाय."

आईने पेटी उघडली. त्यांनी मूठभर डाळ काढली, वास घेतला, एक दाणा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. आईचा धीर तिथे सुटला.

"तुमच्या घरी तूर येते, आमच्या घरी हे येते. भावानं पाठीवर आणलं मले. फेकून देऊ? तुम्ही म्हणान तर खोली सोडतो, पण मी काही पोरीले जहर नाही देऊन राहिली. मिटक्या मारून खाते ते."

"मिटक्या माराले चांगलंच असते," काकाजी म्हणाले. "माझा मोठा भाऊबी मारत होता. ज्या वर्षी धान बुडालं, त्या वर्षी सकाळ-संध्याकाळ आमच्या घरी हेच. पुढच्या पोळ्याले तो बैलामागं टाचा वर करून चालत होता." मग त्यांनी विचारलं, "भिजवलेलं पाणी फेकते का?"

"पाणी काहून फेकू? सारी चव त्याच्यातच उतरते."

काकाजी उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळाने भिंतीला धरून उठले आणि आपल्या खोलीत गेले. आईने त्या दिवशी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त ताट उचललं आणि म्हणाली, "खाऊ घातलं ते चुकलं का माझं?" मग ती भांडी बांधायला लागली. बाबा आल्यावर दुसरी खोली कुठे मिळेल याची बोलणी झाली.

सकाळी काकाजी दारात. हातात पितळेचा डबा. त्यांच्या मेहुण्याची नरखेडकडे थोडी शेती होती, तिथून दरवर्षी त्यांच्यासाठी तूर यायची.

"मापाले माप," ते म्हणाले. "तुझ्याकडची मले दे, ही घे. पुढं भाऊ आणन तेव्हाबी असंच."

"अन् तुम्ही तिचं काय करान?"

"मी पाहीन."

माझ्याकडे वळून ते म्हणाले, "काय साक्षीदार, बरा हाय का पाय?" तेव्हापासून माझं नाव साक्षीदार पडलं.

खोली गेली नाही, उलट तूर आली. आता माणसाने आनंदाने जेवावं की नाही? पण आईला झोप लागेना. "असं कोणी सोडते का? ह्याच्यात काहीतरी हाय," ती म्हणाली. तिने काकाजींची तूर परातीत पसरली आणि त्यांच्याच पद्धतीने, दाणा दाणा उजेडाकडे धरून तपासली. तीत खडासुद्धा निघाला नाही. त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला. पलीकडची काकू म्हणाली, "कोण्या भजेवाल्याले विकत असन. बेसनात खपते." आईला ते लगेच पटलं. बाबा म्हणाले, "तो देऊन राहिला ना, तू खाय ना." बाबांना कशातच काही दिसायचं नाही.

आई मात्र व्यवहारी. म्हातारा आपल्या जिवावर धंदा करतो आहे तर आपण तरी मागे का राहावं? तिने मामाला निरोप पाठवला, पुढच्या खेपेला जास्त आण. मामा दोन पोतड्या घेऊन आला आणि खाटेवर बसून चकित होत राहिला. "आमच्याकडे लोकं ढोराले घालून राहिले, अन् तुमच्या नागपुरात एवढी चालते?"

आमचं वरण घट्ट झालं. भाकर बुडवली की वर डाळ यायला लागली. आई कधी कधी वरणात आमसूल टाकायची आणि वरून लसणाची फोडणी द्यायची. तवा पुसलेली भाकर होतीच. पण मंगळवारी मला झुणक्याची आठवण यायची, आणि एका मंगळवारी ती आठवण नाकाला आली. दुपारी आई फॉलच्या साड्या द्यायला गेली होती. भिंतीवरच्या फटीतून लाखोळीचा तोच हिरवट वास, मागोमाग लसूण, मागोमाग मिरची.

काकाजी आजकाल मंगळवारी कोराडीला जात नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी आईची पेटी भिंतीशी ओढली, तिच्यावर उलटी बादली ठेवली आणि वर चढून फटीला डोळे लावले.

खाली काकाजी स्टोव्हपाशी बसले होते. पातेल्यात रात्रीसाठी आणखी लाखोळी उकळत होती. त्यांनी वरचं पाणी निथळून काढलं, नवं ओतलं, पुन्हा उकळलं, पुन्हा निथळलं. निथळलेलं पाणी ते खिडकीतून शेवग्याच्या बुडाशी टाकत होते. शेजारच्या कढईत आधीच झालेला झुणका होता. मग ते भाकर घेऊन बसले. जो माणूस पंगतीत शेजारच्याने खाल्ल्याशिवाय घास घेत नव्हता, तो डोळे मिटून खात होता, आणि मिटक्या मारत होता.

"पेटीवरून उतर, साक्षीदार," ते डोळे न उघडता म्हणाले. "पडशीन, अन् नाव डाळीचं होईन. दारातून ये."

मी दारातून गेले.

"तुम्ही विकत नाही?"

"कोणाले विकू? ज्याले विकीन तो खाईन ना."

"मग तुमचे पाय?"

त्यांनी दोन्ही पाय पुढे लांब केले आणि परक्याचे असावेत तसे त्यांच्याकडे पाहिलं. "हे चालून झाले. इतकी वर्षं ट्रकवर चढले अन् उतरले. तुझे अजून चालाचे हायेत." मग घास घेतला, गिळला. "अन् खरं सांगू का? फेकवत नाही मले. मायनं हेच खाऊ घातलं. भावाचे पाय गेले तरी तिच्या हातचं वाईट होतं असं म्हणवत नाही. पाणी फेकाचं असते हे तिले कोणी सांगतलंच नाही."

कढईत अजून झुणका होता. मी तिकडे पाहिलं. "मले थोडा?"

"नाही." त्यांनी कढईवर हात आडवा धरला. "अन् साक्ष एकदाच द्याची असते. तू देऊन चुकली."

मी कोणालाही सांगितलं नाही. यात शहाणपण वगैरे नव्हतं. आईला कळलं तर ती पोतडी द्यायची बंद करेल, आणि पोतडी बंद झाली की तूरही बंद होईल, एवढा हिशोब मला त्या वयातही जमत होता. घट्ट वरण मला आवडत होतं. मी गप्प बसले आणि जेवले.

पुढे दोनेक वर्षांनी एका सकाळी काकाजी काठी घेऊन नळावर आले. "गुडघे," ते सगळ्यांना म्हणाले. मी त्यांच्या टाचेकडे पाहत होते. टेकत होती, नव्हती, मला ठरवता येईना. त्याच सुमाराला मामाचं येणं कमी झालं, आला तर रिकाम्या हाताने यायचा. तूर मात्र येत राहिली. आई दर मंगळवारी दोन गरम भाकरी आणि ठेचा त्यांना नेऊन द्यायला लागली. काकाजींनी भाकरी उजेडाकडे धरून पाहिल्या आणि मग घेतल्या. मला वाटलं, आईचा संशय एकदाचा फिटला.

नंतर बाबांना जरा बरं काम मिळालं, आम्ही दुसरीकडे राहायला गेलो. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. आई एकटीच जाऊन आली. "काठी खुंटीले टांगून होती," एवढंच म्हणाली.

मोठी झाल्यावर मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचे गुडघेच असणार, पाणी फेकून आठवड्यातून एकदा खाल्ल्याने काही होत नाही. दुसरे म्हणाले, होऊ शकतं. मग मी तिसऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी मधलं उत्तर धरलं, पण त्याने काही भागलं नाही. रात्रंदिवस त्याचाच विचार करते असं नाही. डाळ निवडायला बसले की मात्र तेवढंच मनात असतं.

आता लाखोळी उघड मिळते. बंदी उठली म्हणे. मागच्या महिन्यात मला दुकानात पाकीट दिसलं. आई आता माझ्याकडेच असते, दात थोडे आणि तोंडाला चव नाही. मी पाकीट दाखवलं तर म्हणाली, "कर ना वं. वाटून कर." मी डाळ भिजवली, ते पाणी फेकलं, उकळून आणखी दोनदा फेकलं. मिक्सरमध्ये वाटली, पाटा आता कुठला. झुणका मोकळा झाला, कडेला थोडा लागलेला. आईला एकटीला ताट वाढलं तर ती म्हणाली, "तूबी बस ना ह्याच्यातच." आम्ही एका ताटात बसलो.

चार घास झाल्यावर मी म्हणाले, "आई, एक सांगायचं राहिलं आहे. काकाजी आपली लाखोळी विकत नव्हते. स्वतः खात होते."

आईने घास थांबवला नाही. "मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"पह्यल्याच मंगळवारपासून. वास काय तुलेच येत होता? फट माझ्याबी डोक्यावरच होती."

"मग मामाला जास्त आण म्हणून कसं सांगितलंस?"

आईने घास गिळला. मग म्हणाली, "तू सकाळी उठून फरशीच्या रेघेवर चालून पाहत होती. तुले वाटे मी झोपली हाय. मी पाहत होती तुले. तूर बंद झाली असती तर मी पुन्हा तेच खाऊ घातलं असतं. दुसरं काय होतं घरात? मी पोरीचे पाय पाह्यले."

"आणि त्यांचे?"

"त्यांचेबी पाहत होती. रोज. नळावर येत तेव्हा, टाच टेकते का नाही ते." तिने बोटाने ताटातले दाणे गोळा केले. "ज्या दिवशी ते काठी घेऊन आले, त्याच दिवशी भावाले निरोप धाडला, आता आणू नको. मंगळवारी त्यांना खाले काहीतरी लागन म्हणून भाकरी न्याले लागली."

"ते तर गुडघे म्हणत होते."

"म्हणत होते," आई म्हणाली. मग तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "पाणी फेकलं होतं ना वं?"

"तीनदा."

तिने मान हलवली, भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट स्वच्छ पुसलं आणि तो तुकडा माझ्या बाजूला सरकवला. मग भिंतीला हात लावून उठली आणि हळूहळू मोरीकडे निघाली. मी तिच्या टाचांकडे पाहत बसले.